लाकडी बाणाच्या टोकाशी वजन वाढवायचं तर

टोक जड केलं की बाण सरळ जातो, असं कुठेतरी ऐकायला मिळतं. मग बहुतेक जण तयार बाणाचं टोक काढून त्या जागी जड टोक चिकटवतात. बाण सुटताना शेपूट हलवायला लागतो, उजव्या हाताने ओढणाऱ्याचा नेम उजवीकडे सरकतो, आणि खापर फुटतं पिसांवर नाहीतर बोटांवर. खरा दोष काठीचा, म्हणजे बाणाच्या दांड्याचा असतो. पुढचं वजन वाढलं की दोरीचा धक्का बसताना काठी जास्त वाकते. जुन्या टोकासाठी पुरेशी ताठ असलेली काठी जड टोकासाठी लेची पडते. म्हणून क्रम फिरवायचा: वजन आधी ठरवायचं, ते पेलणारी काठी त्यानंतर निवडायची, आणि गोंदाला हात अगदी शेवटी लावायचा.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. पुढे वजन वाढवायची ही पद्धत अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांतल्या पारंपरिक धनुष्याने शिकार करणाऱ्यांनी वाढवली. तिथे परवान्यावर शिकार चालते आणि बाण खोल जावा हा त्यांचा हेतू असतो. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे शिकारीला बंदी आहे, मग हत्यार बंदूक असो की धनुष्य. रानडुकरांनी नाचणी उकरली तर वनविभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करायचा, धनुष्य खाली काढायचं नाही. खालचं सगळं पेंढ्याच्या किंवा फोमच्या निशाणासाठी आहे. खाडीकडून वारा सुटलेला असताना २० ते ३० मीटरवर बाण लवकर स्थिर व्हावा, एवढाच आपला स्वार्थ. तोलबिंदू पुढे गेला की पिसांना तरफेचा लांब हात मिळतो आणि बाणाचं हलणं लवकर थांबतं.

स्पर्धेत उतरणार असाल तर आधी नियमपुस्तिका बघा. इंडियन राउंड (देशी बांबूच्या धनुष्यांचा गट) असो की लाँगबोचा, म्हणजे साध्या लांब धनुष्याचा गट, बाणाची जाडी, टोकाचा आकार आणि काठीवर काय गुंडाळलेलं चालतं याचे नियम असतात. सहा बाण तयार झाल्यावर पंचांनी बाजूला काढले तर हळहळून उपयोग नाही.

## टप्पा १: सामान

काट्यापासून सुरुवात करा. स्वयंपाकघरातला काटा इथे कामाचा नाही. सोनार वापरतात तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. बाणाच्या टोकांची वजनं ग्रेनमध्ये छापलेली असतात. १ ग्रॅम म्हणजे १५.४ ग्रेन. सोन्याचा जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर १८० ग्रेनचा. त्या हिशेबाने नेहमीचं १२५ ग्रेनचं टोक पाऊण तोळ्याच्या जरा आत भरतं.

बाकी लागेल ते असं:

- व्हर्नियर कॅलिपर
- जितके बाण हवेत त्याच्या दीडपट काठ्या
- ३ मिमी पितळी सळई: वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात ब्रेझिंगची कांडी मिळते ती चालते, पण फ्लक्सचा लेप नसलेली मागा आणि जाडी मोजून घ्या
- १ मिमी जाडीची इनॅमलची तांब्याची तार: मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे उरलेली तुकड्यांत मिळते
- ३ मिमीचं साधं ड्रिल बिट आणि त्याच जाडीचं १०० मिमी लांबीचं बिट
- ५ अंशांचं टेपर टूल, म्हणजे काठीचं टोक निमुळतं करणारं, पेन्सिलच्या शार्पनरसारखं हत्यार
- दोन नळ्यांचं इपॉक्सी, ८० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, चिकटपट्टी

शिसं यादीत मुद्दाम घातलेलं नाही. जाळ्याचं शिसं किनाऱ्यावर कुठेही मिळतं, म्हणून ते वितळवून टोकाच्या पोकळीत ओतायची युक्ती कुणीतरी सुचवतंच. शिशाची वाफ आणि धूळ विषारी असते, आणि वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब गेला तरी ते उसळून अंगावर येतं. आपल्या दमट हवेत कोरडं दिसणारं भांडंही पुरतं कोरडं नसतं. पितळ आणि तांब्याने सगळं भागतं.

## टप्पा २: काठी वाळवा, निवडा, जुळवा

पाइन, स्प्रूस, सिडर कुठलीही काठी असो, बाहेरून मागवलेली आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर उघडलेली काठी पाणी ओढते. ओल्या काठीचं वजनही चुकीचं आणि ताठपणाही चुकीचा. जून ते सप्टेंबर हे काम करणं टाळाच. करायचंच असेल तर काठ्या चुलीच्या वरच्या माळ्यावर, किंवा जुना पिवळा बल्ब लावलेल्या बंद खोक्यात ठेवा. रोज एकाच वेळी दोन काठ्या वजन करा आणि आकडा लिहून ठेवा. सलग तीन-चार दिवस आकडा हलला नाही की काठी तयार.

मग काठी डोळ्यासमोर धरून फिरवत सरळ आहे का बघा. किंचित बाक असेल तर तो भाग हॉट एअर गनने, ती नसेल तर गॅसच्या आचेवर लांबून, हाताला सोसेल त्यापेक्षा थोडा जास्त तापवा. बाकाच्या उलट दिशेने दाबा आणि थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवा. घाईत सोडलात तर बाक परत येतो.

आता रेषा बघा. काठीच्या दोन बाजूंना वाढीच्या रेषा एकमेकींना समांतर धावताना दिसतात, उरलेल्या दोन बाजूंना लांबट टोकदार आकार दिसतात. समांतर रेषांची बाजू धनुष्याकडे यायला हवी, म्हणजे नॉकची (बाणाच्या शेपटीला दोरी अडकते त्या टोपणाची) खाच वाढीच्या रेषांना काटकोनात कापते. रेषा काठीच्या अर्ध्यातच बाहेर पडत असतील तर ती काठी बाद. जड टोकाचा बाण तिथूनच फुटतो, आणि फुटतो तेव्हा धनुष्य धरलेला हात अगदी जवळ असतो.

माणग्याच्या बांबूतून बाण करणारे सिंधुदुर्गात भेटतात. त्याची जाड भिंत चिरून, तासून, गोल करून काठी निघते. अशा काठीत एक फायदा फुकटात आहे: बुडख्याकडचा भाग जड असतो, तो पुढे ठेवा. नॉकमध्ये दोरी सरळ बसते म्हणून लोक बुडखा मागे ठेवतात आणि मग पुढे वजन घालत बसतात.

तपासा: निवडलेल्या काठ्या एकमेकींपासून वजनात १० ग्रेनपेक्षा, म्हणजे साधारण ०.६५ ग्रॅमपेक्षा जास्त लांब नकोत. हा फरक नंतर पुढच्या वजनाने भरून काढू असं मनात आणू नका. पुढचं वजन बाणाबाणाला बदललं की ताठपणाही बाणाबाणाला बदलतो.

## टप्पा ३: किती वजन, ते कागदावर

इथे अर्धा तास घालवलात तर पुढचे दोन रविवार वाचतात.

पहिला आकडा तोलाचा. बाणाची लांबी नॉकच्या खाचेच्या तळापासून टोकाच्या मागच्या कडेपर्यंत मोजा. बाण सुरीच्या पाठीवर तोलून तोलबिंदू शोधा आणि खाचेपासून तिथपर्यंतचं अंतर घ्या. त्यातून अर्धी लांबी वजा करा, उरलेल्याला पूर्ण लांबीने भागा आणि शंभराने गुणा. हा पुढच्या तोलाचा टक्का. साध्या लाकडी बाणात तो ७ ते १२ च्या दरम्यान असतो.

उदाहरण घेऊ. लांबी ७२ सेंमी, काठी २० ग्रॅम, पिसं आणि नॉक मिळून २ ग्रॅम, टोक १२५ ग्रेन म्हणजे ८.१ ग्रॅम. एकूण ३० ग्रॅम, म्हणजे सुमारे ४६५ ग्रेन. तोलबिंदू ४४ सेंमीच्या जरा पुढे पडतो आणि टक्का ११ च्या आसपास येतो. आता टोकाशी आणखी १०० ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅम घाला. तोलबिंदू ५ सेंमी पुढे जातो, टक्का साडेअठरापर्यंत चढतो. ऐकायला झकास वाटतं. पण बाण आता ५६५ ग्रेनचा झाला, आणि धनुष्य ४० पाउंडांचं, म्हणजे पूर्ण ओढायला ४० पाउंडांचं बळ लागणारं असेल तर तो पाउंडामागे १४ ग्रेन पडला. बाण मंदावतो आणि २५ मीटरवर आधीपेक्षा वीतभर तरी खाली लागतो. निशाणाच्या कामासाठी पाउंडामागे ९ ते १३ ग्रेन पुष्कळ झाले. दुसऱ्या टोकाला ८ च्या खाली जाऊ नका, हलक्या बाणाने लाकडी धनुष्यच फुटू शकतं. ४० पाउंडांच्या धनुष्याला वरच्या बाणात ३० ते ५० ग्रेन वाढवून थांबा, असं माझं मत. ५० ग्रेननेच टक्का १५ च्या वर जातो, आणि त्यापुढच्या वजनाचा निशाणावर मला तरी फायदा दिसत नाही.

दुसरा आकडा शेपटीचा, आणि तो कुणी काढतच नाही. वरच्याच बाणात मागचा एक ग्रॅम कमी केला तर टक्का जेवढा वाढतो, तेवढा वाढवायला पुढे दीड ग्रॅम घालावा लागतो. शिवाय मागचं वजन कमी केल्याने बाण मंदावत नाही आणि काठीवरचा ताणही वाढत नाही. म्हणून आधी मागे बघा: ५ इंची पिसांऐवजी ४ इंची, पिसांखालचा रंगाचा जाड थर नाही, दोऱ्याचे चार वेढे कमी. मागचा अर्धा ग्रॅम असा सहज सुटतो.

थांबा: हव्या त्या वजनाचा एकच आकडा वहीत लिहा. पुढच्या टप्प्यात काठी या आकड्यासाठी निवडायची आहे.

## टप्पा ४: काठीचा ताठपणा मोजा

लाकडी काठीची स्पाइन, म्हणजे पाउंडांत सांगितलेला ताठपणा, मोजायची ठरलेली रीत अशी: २६ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर काठी आडवी ठेवायची, मधोमध २ पाउंडांचं वजन टांगायचं आणि काठी किती खाली गेली ते मोजायचं. घरी करायला दोन खिळे ६६ सेंमी अंतरावर एका फळीत ठोका. प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरून बाटली, हूक, दोरी सगळं मिळून ९०७ ग्रॅम करा. काठीची जी बाजू धनुष्याला लागणार, ती वरच्या दिशेला ठेवा. काठीच्या खालच्या कडेची उंची वजनाशिवाय आणि वजनासह मोजा.

६६० ला त्या मिलिमीटरने भागा. काठी १६.५ मिमी वाकली तर ४० पाउंड, १३.२ मिमीला ५०, ११ मिमीला ६०. एवढ्याशा फरकात दहा पाउंड जातात, म्हणून अंदाजाने नको, कॅलिपर लावा.

किती ताठ हवी? ढोबळ हिशेब असा आहे. २८ इंची बाण आणि १२५ ग्रेनचं टोक असेल तर धनुष्य तुमच्या ओढीवर जितके पाउंड तितकी स्पाइन, किंवा पाचाने जास्त. बाण एक इंच लांब तर ५ पाउंड वाढवा. टोक २५ ग्रेन जड तर आणखी ५ वाढवा. म्हणजे ४० पाउंडांच्या धनुष्याला ५० ग्रेन वाढवायचे तर ५० ते ५५ पाउंडांची काठी लागते, आणि १०० ग्रेन वाढवायचे तर ६० ते ६५ ची. इतका फरक जुनी काठी कसा झेलणार?

जाडीचा परिणाम लक्षात ठेवा. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो. त्याच लाकडाची ८.७ मिमीऐवजी ९.१ मिमीची काठी घेतली तर ती सुमारे २० टक्के ताठ निघते. उलट ८.७ ची घासून ८.५ केलीत तर ९ टक्के ताठपणा गेला. पॉलिश पेपर फिरवताना याचं भान ठेवा. ताठ काठी घासून मऊ करता येते, मऊ काठी ताठ करायला तुमच्याकडे तिची लांबी सोडून काहीच नसतं.

## टप्पा ५: तात्पुरतं वजन लावून उघडा बाण मारा

कागद जवळपास नेतो, उरलेलं काम बाणच सांगतो. तीन काठ्या घ्या, पिसं लावू नका, उघडा बाण म्हणजे हाच. नॉक बसवा आणि नेहमीचं टोक ग्लू स्टिकच्या वितळणाऱ्या गोंदाने लावा, म्हणजे नंतर तापवून काढता येईल. टोकाच्या मागे तांब्याची तार घट्ट शेजारीशेजारी गुंडाळा आणि वर चिकटपट्टीचा एक वेढा द्या. ८.७ मिमीच्या काठीवर १ मिमीची तार १ सेंमी लांब गुंडाळली की सुमारे २.१ ग्रॅम, म्हणजे ३३ ग्रेन होतात. दीड सेंमीत ५० ग्रेन आले. तरीही काट्यावर खात्री करा. तार पूर्ण ओढीला धनुष्याच्या मुठीपर्यंत येणार नाही हे दोरी हळूच ओढून आधी बघा.

१० ते १२ मीटरवरून, मऊ निशाणावर, पिसं असलेले तीन आणि उघडे तीन बाण मारा. पिसांच्या बाणांनाही तेवढंच वजन लावलेलं हवं. नाहीतर दोन वेगळ्या बाणांची तुलना होते आणि आख्खी दुपार फुकट जाते.

उजव्या हाताने, तीन बोटांनी ओढणाऱ्यासाठी वाचायचं असं: उघडे बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागले तर काठी जास्त ताठ, उजवीकडे लागले तर लेची. डावखुऱ्याला उलटं. अंगठ्याने ओढून बाण धनुष्याच्या दुसऱ्या बाजूला ठेवणाऱ्यालाही उलटं. उघडे बाण वर किंवा खाली लागत असतील तर तो नॉकच्या जागेचा प्रश्न आहे. तो आधी सोडवा, कारण तोवर डावं-उजवं नीट कळतच नाही.

काठी ताठ निघाली तर वजन थोडं वाढवा, किंवा मधला भाग हलक्या हाताने घासा. लेची निघाली आणि बाण लांबीला शिल्लक असेल तर पुढून अर्धा-अर्धा इंच कापत या. एक इंच कापला की ५ पाउंडांचा फरक पडतो, म्हणून एकदम इंचभर कापू नका. लांबी शिल्लक नसेल तर जास्त ताठ काठी आणा. वजन कमी करून वेळ मारून नेता येते, पण मग सगळी खटपट कशासाठी केली?

आणखी एक बारकावा आहे. तात्पुरती तार टोकाच्या मागे बसते, पक्कं वजन तिच्यापेक्षा थोडं पुढे बसणार. म्हणजे पक्का बाण चाचणीपेक्षा किंचित लेचा वागेल. म्हणून चाचणीत उघडे बाण पिसांच्या बाणांपासून दोन-तीन बोटं डावीकडे लागत असतील तर तिथेच थांबा.

सावधान: उघडा बाण तिरका घुसला की काठीला आतून तडा जाऊ शकतो. प्रत्येक वेळी उपसल्यावर दोन्ही हातांनी, चेहऱ्यापासून लांब धरून, चारही दिशांनी थोडा वाकवा. कट् असा आवाज आला तर तो बाण तिथेच मोडून टाका, म्हणजे चुकून परत भात्यात जाणार नाही.

## टप्पा ६: वजन कुठे बसवायचं

जड टोक. चिकटवायची टोकं १२५, १४५, १६०, १९० ग्रेन अशा वजनांत मिळतात. ३०-३५ ग्रेन वाढवायचे असतील तर १६० चं टोक लावा आणि पुढचा टप्पा सोडून टप्पा ८ वर जा. इतकं सोपं असताना सळया ठोकत बसण्यात अर्थ नाही.

मधलं पितळी किंवा पोलादी वजन. काठीच्या निमुळत्या भागावर हे बसतं आणि त्याच्या पुढच्या टेपरवर टोक बसतं. काम नेटकं होतं, पण टोक पुढे सरकल्यामुळे बाणाची लांबी वाढते. लांबी वाढली की काठी आणखी लेची. चाचणीत ही लांबी धरलेली नसेल तर टप्पा ५ पुन्हा करा.

काठीच्या आत सळई. बाहेरून काही दिसत नाही, आणि काठी जिथे हमखास मोडते त्या टोकामागच्या जागेला आतून आधारही मिळतो. कष्ट जास्त आहेत, म्हणून खाली सविस्तर देतो.

पुढे कठीण लाकडाचा सांधा. काठीच्या पुढच्या वीतभर भागात शिसवासारखं जड लाकूड पाचरीने सांधतात. सगळ्यात टिकाऊ आणि दिसायलाही देखणं. पण पाचरीचा काप अचूक लागतो आणि पहिल्या प्रयत्नात तो सहसा साधत नाही. सावंतवाडीच्या चितार आळीसारख्या ठिकाणी लेथवर लाकूड फिरवणारे कारागीर आहेत. सांधा तुम्ही करून नेलात तर गोल करायचं काम तिथे नीट होईल.

तार कायमची गुंडाळणं. मला पसंत नाही. काठी ८.७ ची १०.७ मिमी होते, पेंढ्यातून उपसताना तार अडकते आणि सुटत जाते. चाचणीपुरती ठीक.

## टप्पा ७: आत सळई बसवणं

३ मिमीची पितळी सळई ५ सेंमी लांब घेतली तर ३ ग्रॅम, म्हणजे ४६ ग्रेन होते. भोक पाडताना लाकूड जातं ते जेमतेम ३ ग्रेनचं. म्हणजे ४० ते ४५ ग्रेनच्या वाढीसाठी एवढी सळई पुरते. ४ मिमीची घालून दुप्पट वजन साधायचा मोह टाळा. निमुळतं केल्यावर ८.७ मिमीच्या काठीचं टोक सव्वाचार मिमीच्या आसपास उरतं. ४ मिमीच्या सळईभोवती मग लाकूड जवळजवळ राहतच नाही.

भोक आधी, निमुळतं नंतर. हा क्रम चुकला तर बारीक टोकात बिट शिरताना लाकूड चिरतं.

१. कठीण लाकडाचा ५ सेंमी जाड ठोकळा घ्या. ड्रिल स्टँडवर त्यात ३ मिमीचं आरपार भोक पाडा. ठोकळा न हलवता त्याच भोकाची वरची अर्धी उंची काठीच्या जाडीइतकी मोठी करा. मोठ्या भोकात काठी बसते, लहान भोक बिटला वाट दाखवतं. भोक काठीच्या मधोमध ठेवायचा घरगुती उपाय एवढाच. नुसत्या हाताने ते जमत नाही.

२. काठीच्या टोकाभोवती चिकटपट्टीचे दोन घट्ट वेढे द्या. ठोकळ्यातून लांब बिटने पहिले २ सेंमी पाडा. मग ठोकळा काढा आणि त्याच बिटने ५ सेंमीपर्यंत जा. साधं ३ मिमीचं बिट जेमतेम ६ सेंमी लांब असतं आणि त्याच्या खोबणी निम्म्याच लांबीला असतात, ते इथे पोचत नाही. दर अर्ध्या सेंमीला बिट बाहेर काढून भुसा झटका. भुसा आत कोंबला गेला की बिट तापतं आणि वाट सोडून काठीच्या बाजूने बाहेर निघतं.

३. सळई कापा, आतल्या बाजूचं टोक कानशीने गोल करा. चौकोनी कड राहिली तर काठी बरोबर तिथे मोडते. मग सळईच्या पूर्ण लांबीवर कानशीने एक बारीक चपटी पट्टी काढा. बंद भोकात गोंद आणि सळई ढकलली की आतल्या हवेला वाट लागते. ती मिळाली नाही तर काठी उभी चिरते. उरलेली सळई ८० नंबरच्या पेपरने खरखरीत करा आणि थिनरने पुसा.

४. सळई गोंदाशिवाय घालून बघा. हाताने जायला हवी, ठोकावी लागली तर भोक साफ करा. मग इपॉक्सी बारीक काडीने भोकाच्या आत लावा, सळईलाही लावा आणि फिरवत हळूहळू आत सरकवा. ती काठीच्या तोंडापासून एक मिलिमीटर आत राहू दे, म्हणजे टेपर टूलचं पातं पितळावर घासणार नाही.

५. काठी टोक वर करून उभी ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. पाच मिनिटांत घट्ट होणारा गोंद इथे वापरू नका. सळई अर्धी आत गेलेली असताना तो अडतो, मग ती पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही.

तपासा: सुकल्यावर काठी काचेवर गडगडवा. टोक गोल डगमगत असेल तर सळई तिरकी बसली आहे. ती काठी सरावाच्या ढिगात टाका, जोडीत ठेवू नका.

## टप्पा ८: निमुळतं करणं, लेप, पिसं

५ अंशांचं टेपर साधारण एक इंच लांब येतं. टूलचं पातं धारदार हवं. बोथट पातं लाकूड कापत नाही, ओरबाडतं आणि टेपर वाकडं येतं. टोक गोंदाशिवाय बसवून फिरवा. हललं तर टेपर जाड-बारीक आहे. पेपरने दुरुस्त करू नका, दोन मिलिमीटर कापून पुन्हा करा.

नंतर लेप. टेपरच्या भागावर चिकटपट्टी लावून उरलेल्या काठीला चपडा लाखेचे किंवा पॉलियुरेथेनचे दोन-तीन पातळ हात द्या. किनाऱ्यावर हे टाळता येत नाही, उघडी काठी एका पावसाळ्यात वाकते. लाकूड टिकावं म्हणून काजूच्या टरफलांचं तेल लावायचा सल्ला मिळेल. ते तेल कातडी भाजतं आणि त्यावर पिसांचा गोंद धरत नाही. दारं-वाशांना लावा, बाणाला नको. हवा दमट असताना लाख पांढरी पडते, म्हणून हे काम कोरड्या दुपारी उरका.

नॉक, मग पिसं. टर्कीची तयार पिसं घ्या. घारीचं किंवा घुबडाचं पडलेलं पीस उचलून लावलंत तर तोही वन्यजीव कायद्याचा भंग ठरतो.

## टप्पा ९: टोक चिकटवणं

टोकाच्या पोकळीत कारखान्याचं तेल असतं. पोकळी थिनरच्या बोळ्याने दोनदा पुसा, गुंडाळलेल्या ८० नंबरच्या पेपरने आतून ओरखडे काढा, पुन्हा पुसा. टोकं सुटून निशाणात राहतात त्याचं कारण बहुतेक वेळा हे तेलच असतं, गोंद नव्हे. झटपट चिकटणारा पातळ गोंद वापरू नका, धक्क्याने तो काचेसारखा तडकतो. ग्लू स्टिकचा गोंद चाचणीला छान, पण उन्हात उभ्या गाडीत बाण राहिले तर मऊ पडतो.

इपॉक्सी टेपरवर पातळ लावा, टोक फिरवत दाबा, बाहेर आलेला गोंद पुसा. बाण टोकावर उभा करून भिंतीला टेकवा आणि रात्रभर ठेवा. मागच्या कडेला गोंदाची बारीक रेघ सगळीकडून दिसायला हवी. तिथे फट राहिली तर ओल आत शिरते आणि पोलादी टोक आतून गंजून लाकूड फुगवतं. खारी हवा असल्यामुळे पोलादी टोकांना अधूनमधून तेलाचं बोट फिरवा, फक्त काठीला लागू देऊ नका.

प्रत्येक बाण पुन्हा वजन करा आणि तोलबिंदूवर पेन्सिलची खूण करा. खुणा एकमेकींच्या अर्ध्या सेंमीत हव्यात. एखादी जास्त सरकली असेल तर तो बाण वेगळा ठेवा.

## टप्पा १०: पहिले बाण

जड टोकाचा बाण जास्त खोल जातो, म्हणून जुनं निशाण अपुरं पडू शकतं. भाताचा पेंढा दाबून बांधलेला किमान ४०-५० सेंमी जाड हवा. मागे चिऱ्याची भिंत असेल तर तिच्या पुढे जाड गोधडी किंवा जुनी जाळी सैल टांगा. चिऱ्यावर आदळलेला बाण टोकामागे मोडतो किंवा उलटा फिरतो. पुळणीवर, माडांच्या बागेत किंवा पाणंदीच्या दिशेने मारू नका, कोण कुठून चालत येईल सांगता येत नाही.

१० मीटरपासून सुरू करा. नेम खाली लागणारच, लगेच धनुष्याला किंवा नॉकच्या जागेला हात लावू नका. वीस-पंचवीस बाणांनंतर डोळा नव्या वाटेला सरावतो. त्यानंतरही बाण शेपूट हलवत असेल तर चिन्हं अशी वाचा: उजव्या हाताला बाण उजवीकडे आणि हलत जातो, तर काठी लेची. डावीकडे आणि धनुष्यावर टक् आवाज करत जातो, तर जास्त ताठ. वर-खाली डोलतो, तर नॉकची जागा. एकच बाण सारखा वेगळा जातो आणि बाकीचे ठीक, तर त्याची सळई तिरकी किंवा आत तडा.

बाण उपसताना टोकाजवळ निशाणाला एक हात टेकवा, दुसऱ्या हाताने काठी निशाणाच्या अगदी लगत धरा आणि सरळ ओढा. मागून पिसांजवळ धरून हिसका दिला की काठी टोकामागे पिळवटते. दर फेरीनंतर टोक फिरवून बघा, काठी वाकवून ऐका, टोकाच्या मागच्या दोन बोटांच्या जागेवर नख फिरवून तडा चाचपा. मोडलेल्या बाणाचं पितळ आणि टोक वाया जात नाही. बाहेर मोकळ्या हवेत, धुराच्या उलट बाजूला उभं राहून टोक पकडीत धरून तापवा. इपॉक्सी मऊ पडला की लाकडाचा तुकडा ओढून काढा, सळई वेगळी करा, थंड झाल्यावर घासून पुसा आणि पुढच्या काठीसाठी डब्यात ठेवा.